स्पीड टेस्ट १०० एमबीपीएस दाखवते, मग व्हिडिओ का अडकतो?

स्पीड टेस्टचा स्क्रीनशॉट आणि वर 'पैसे पूर्ण घेता, मग स्पीड कुठे आहे?' अशा पोस्ट तुम्ही पाहिल्या असतील. कधी उलटंही होतं. टेस्ट १०० एमबीपीएस दाखवते आणि व्हिडिओ मात्र गोल गोल फिरत राहतो. मग खरं काय?

आकडा येतो कुठून?

टेस्ट सुरू होताच ॲप जवळच्या सर्व्हरवरून काही सेकंद जमेल तितक्या वेगानं डेटा मागवतं. आलेल्या डेटाला लागलेल्या वेळेनं भागलं की वेग मिळतो. हा डेटा तुमच्याच पॅकमधून जातो. १०० एमबीपीएसवर १० सेकंदांत साधारण १२५ एमबी!

गडबड कुठे होते?

हा सर्व्हर अनेकदा तुमच्याच इंटरनेट कंपनीच्या नेटवर्कमध्ये असतो. म्हणजे मोजला जातो तो घरापासून कंपनीपर्यंतचा रस्ता. व्हिडिओ त्याच्याही पलीकडून येत असेल, तर पुढची कोंडी टेस्टमध्ये दिसत नाही. नेटफ्लिक्सनं २०१६ मध्ये सुरू केलेली 'फास्ट डॉट कॉम' ही टेस्ट नेटफ्लिक्सच्याच सर्व्हरवरून वेग मोजते. त्यामुळे दोन टेस्टचे आकडे वेगळे आले, तरी दोन्ही बरोबर असू शकतात.

शिवाय एमबीपीएस म्हणजे मेगाबिट, मेगाबाइट नव्हे. ८ बिटचा १ बाइट होतो. म्हणून १०० एमबीपीएसवरही १ जीबीची फाइल उतरायला किमान ८० सेकंद लागतात.

तक्रार करण्याआधी काय कराल?

लॅपटॉप केबलनं थेट राउटरला जोडा. घरातली इतर उपकरणं बंद ठेवा. सकाळी आणि रात्री, असं सलग तीन दिवस मोजा. स्क्रीनशॉटमध्ये वेळ आणि सर्व्हरचं नाव दिसू द्या. केबलवर वेग चांगला आणि वायफायवर कमी असेल, तर दोष बहुधा घरातच आहे. केबलवरही फक्त रात्रीच वेग पडत असेल, तर नेटवर्कवर गर्दी असण्याची शक्यता जास्त. मोबाइल इंटरनेटसाठी दूरसंचार नियामक 'ट्राय'चं 'मायस्पीड' ॲप आहे. त्यातून निकाल थेट ट्रायकडे पाठवता येतो.

प्लॅनमधला 'पर्यंत' हा शब्दही वाचा. '१०० एमबीपीएसपर्यंत' म्हणजे कायम १०० नव्हे. सरकारच्या २०२३ च्या व्याख्येनुसार तर किमान २ एमबीपीएस डाउनलोड वेग देणारी जोडणीही 'ब्रॉडबँड'च ठरते. म्हणूनच एका स्क्रीनशॉटपेक्षा तीन दिवसांची नोंद तुमची बाजू अधिक भक्कम करते.