जुना पिनबॉल नव्या संगणकावर

कुरकुंभ : विंडोज १० या प्रणालीला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि जुने संगणक बाजूला काढण्याचे नवे निमित्त मिळाले. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा यंत्रणा आणि तुलनेने अलीकडचा प्रोसेसर लागतो. तो नसलेली यंत्रे धडधाकट असूनही कालबाह्य ठरली आहेत. आवराआवर सुरू झाली, की माळ्यावर पडून असलेला विंडोज एक्सपीचा संगणकही भंगारवाल्याच्या काट्यावर चढतो. त्याच्या हार्ड डिस्कवर एक छोटासा खेळ असतो, ‘थ्रीडी पिनबॉल – स्पेस कॅडेट’. तो आजच्या संगणकावर चालवता येतो. मात्र त्यासाठी आधी त्याची प्रत कोणीतरी जपलेली असावी लागते.

पुणे-सोलापूर महामार्गावरील कुरकुंभ हे फिरंगाई देवीच्या देवस्थानासाठी आणि रासायनिक कारखान्यांच्या औद्योगिक वसाहतीसाठी ओळखले जाते. दौंड तालुक्यातील अशा गावांमध्ये अनेकांची संगणकाशी पहिली ओळख घरात नव्हे, तर वर्गात झाली. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने (एमकेसीएल) २००२ मध्ये एमएस-सीआयटी अभ्यासक्रम सुरू केला आणि त्याचे वर्ग तालुक्यातालुक्यांत पोहोचले. शासकीय नोकरीसाठी हे प्रमाणपत्र उपयोगी, म्हणून तरुणांनी फी भरली. वर्ड आणि एक्सेलचा तास संपता संपता पाच-दहा मिनिटे उरत. इंटरनेट नसले तरी पिनबॉल असे. टंकलेखनात क्वचितच लागणारी ‘झेड’ आणि तिरकी रेघ ही दोन बटणे त्या पिढीच्या बोटांना या खेळाने शिकवली.

विंडोजमधून गेला कसा?

हा खेळ मुळात मायक्रोसॉफ्टचा नव्हेच. अमेरिकेतील ऑस्टिन येथील सिनेमाट्रॉनिक्स या छोट्या कंपनीने तो तयार केला. मॅक्सिस कंपनीने १९९५ मध्ये ‘फुल टिल्ट! पिनबॉल’ या नावाने तीन टेबलांचा संच बाजारात आणला. त्यातील एकच टेबल त्याच वर्षी विंडोज ९५ च्या ‘प्लस!’ या जोडसंचातून लोकांपर्यंत गेले. पुढे विंडोज एनटी ४, २०००, मिलेनियम आणि एक्सपी असा त्याचा प्रवास झाला. व्हिस्टामध्ये तो नव्हता.

मायक्रोसॉफ्टचे अभियंता रेमंड चेन यांनी २०१२ मध्ये त्याचे कारण सांगितले. विंडोजची ६४ बिटची आवृत्ती तयार करताना खेळ नव्याने बांधला गेला, तेव्हा चेंडू सोडताच तो दांड्याच्या आरपार जाऊन संथपणे टेबलाच्या तळातून बाहेर पडू लागला. चेंडू कशाला धडकला हे ओळखणारा भाग बिघडला होता. तो भाग बाहेरच्या कंपनीने काही वर्षांपूर्वी लिहिलेला, टिपणांविना सोडलेला आणि मायक्रोसॉफ्टमध्ये कोणालाच न उमगणारा. प्रणालीच्या लाखो ओळी नव्या रचनेत न्यायच्या असताना एका खेळासाठी किती दिवस घालवायचे, असा विचार करून तो वगळण्यात आला. निर्णय व्यवहार्य होता. पण मूळ लेखन समजणारा माणूस निघून गेला, की चालते सॉफ्टवेअर किती लवकर परके होते, हेही त्यातून दिसले. कुरकुंभसारख्या वसाहतींत चालणाऱ्या रासायनिक उद्योगाला ही अडचण नवी नाही. नियंत्रण कक्षातील प्रणाली बदलायची तर उत्पादन थांबवावे लागते, म्हणून या उद्योगात जुने विंडोज वर्षानुवर्षे सांभाळले जाते.

दोन वाटा

आज हा खेळ खेळण्याची पहिली वाट अगदी सरळ आहे. एक्सपीच्या संगणकात ‘प्रोग्राम फाइल्स’मधील ‘विंडोज एनटी’ या फोल्डरमध्ये ‘पिनबॉल’ हे फोल्डर असते. ते पूर्णच्या पूर्ण पेन ड्राइव्हवर घेऊन नव्या संगणकावर ठेवले, की बहुतेक वेळा खेळ सुरू होतो. नवे ६४ बिटचे विंडोज ३२ बिटचे जुने प्रोग्रॅम अजूनही चालवते. केवळ चित्र ६४० बाय ४८० बिंदूंच्या मापाचे असल्याने आजच्या पडद्यावर ते पोस्टाच्या तिकिटाएवढे दिसते.

दुसरी वाट अधिक महत्त्वाची आहे. २०२१ मध्ये एका प्रोग्रॅमरने तयार प्रोग्रॅमचे उलट वाचन करून त्याचे लेखन पुन्हा उभे केले आणि ते सर्वांसाठी खुले ठेवले. मायक्रोसॉफ्टला जे परवडले नाही, ते एका हौशी माणसाच्या चिकाटीने झाले. त्यामुळे हा खेळ लिनक्स आणि मॅकवर तर आलाच, शिवाय इतरांनी तो मोबाइलवरही नेला. अट एकच. चित्रे आणि आवाज यांची मूळ फाइल या खुल्या लेखनात दिलेली नाही. ती वापरणाऱ्याने स्वतःच्या जुन्या प्रतीतून आणायची. म्हणजे फिरून गाडी त्याच माळ्यावरील संगणकापाशी येते.

ती प्रत काढणे कायदेशीर आहे का? भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२ मध्ये १९९९ च्या दुरुस्तीने पडलेली भर येथे वाचण्यासारखी आहे. स्वतः वैध मार्गाने मिळवलेल्या प्रोग्रॅमची अव्यावसायिक, व्यक्तिगत वापरासाठी प्रत काढणे हा कॉपीराइटचा भंग ठरत नाही. प्रोग्रॅम कसा चालतो याचे निरीक्षण आणि अभ्यास करण्यासही मुभा आहे. विंडोजचा परवाना करार याहून आखडता आहे, हे खरे. तरीही स्वतःच्या जुन्या संगणकातून फोल्डर घेणारा माणूस आणि कोणत्याही अनोळखी संकेतस्थळावरून ‘फ्री पिनबॉल’ उतरवणारा माणूस यांना एका तराजूत तोलता येणार नाही. दुसऱ्याच्या वाट्याला खेळाबरोबर व्हायरस येण्याची शक्यता असते, ती वेगळीच.

पिनबॉलला निदान जगभर चाहते होते. त्याच एक्सपीच्या डिस्कवर राहिलेल्या मराठी मजकुराला तेवढेही पाठबळ नाही. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी टंकलेखन श्रीलिपी, आकृती किंवा सी-डॅकच्या आयएसएमसारख्या पॅकेजवर होत असे आणि फाँटची सांकेतिक रचना प्रत्येकाची निराळी. तो फाँट नसेल तर ग्रामपंचायतीचा ठराव असो की दिवाळी अंकातील कथा, पडद्यावर रोमन अक्षरांचा नि चिन्हांचा खच दिसतो. असा मजकूर युनिकोडमध्ये नेणारी साधने उपलब्ध आहेत, पण फाइल नेमक्या कोणत्या फाँटमध्ये टंकली हे सांगणारा जुना टंकलेखक किंवा तो जुना संगणक हाताशी असावा लागतो.

संगणक भंगारात देण्याआधी डिस्क जोडून पाहणाऱ्यांनी एक बाब ध्यानात घ्यावी. पिनबॉलचे फोल्डर उचलल्याने खेळ येतो, जुने गुण येत नाहीत. खेळाडूंची नावे आणि सर्वोच्च गुण त्या फोल्डरमध्ये नसून विंडोजच्या रजिस्ट्रीत, ‘प्लस!’ या जुन्याच नावाखाली नोंदलेले असतात. ती नोंद वेगळी काढून घेतली नाही, तर नव्या संगणकावर गुणांची यादी कोरी उघडते.