दार उघडे, पण जबाबदार कोण?

बँकेच्या खातेवहीला बाहेरच्या माणसाचा हात लागू द्यायचा नाही, या शिस्तीत माझी सारी नोकरी गेली. २०१६ साली नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने ‘यूपीआय’ सुरू केले आणि बँक नसलेल्या कंपन्यांनाही त्यावर आपले ॲप उभारता येऊ लागले. भाजीवालीच्या गाडीवर ठिपक्यांचा चौकोन लागला तो या मोकळिकीमुळे. नुसत्या बँकांवर सोपवले असते तर आणखी वीस वर्षे लागली असती. आमची जमात मी ओळखतो!

मात्र एक गोष्ट घरोघरी नीट समजलेली दिसत नाही. यूपीआयने आपण पैसे देतो तेव्हा ते ॲपवाल्याकडे नसतातच, आपल्या बँकेत असतात. ॲप निरोप पोचवते, आणि तोही कुठल्या तरी बँकेचे बोट धरून. ५ मार्च २०२० रोजी रिझर्व्ह बँकेने येस बँकेवर निर्बंध घातले आणि तिचे बोट धरलेले ‘फोनपे’ त्याच रात्री ठप्प झाले. येस बँकेत ज्यांचे खातेसुद्धा नव्हते, त्यांचेही व्यवहार अडले. दुसऱ्या बँकेचा आधार घेऊन सेवा सुरू व्हायला सुमारे एक दिवस गेला.

दार सर्वांना उघडे असूनही बहुतेक व्यवहार वर्षानुवर्षे फोनपे आणि गूगल पे या दोघांकडूनच होत आले. एका ॲपकडे ३० टक्क्यांहून अधिक व्यवहार नसावेत, असा नियम नोव्हेंबर २०२० मध्ये जाहीर झाला. मोठ्यांसाठी त्याची मुदत आधी २०२२, मग २०२४ आणि नंतर २०२६ अखेरपर्यंत ढकलली गेली. एखाद्या कर्जदाराला मी इतक्या मुदतवाढी दिल्या असत्या, तर लेखापरीक्षकांनी मला खुर्चीवर बसू दिले नसते.