स्वर्णपत्री म्हणजे आपली सना मक्की

शाबान महिन्यातली गोष्ट. आमच्या बचत गटाची बैठक पिरंगुटला एका भाभींच्या घरी होती. हिशेब झाला, चहा झाला. मग पाहुण्या म्हणून आलेल्या एका बाईंनी पिशवीतून तीन वस्तू काढून चटईवर मांडल्या. लिंबू-पुदिन्याच्या तेलाची छोटी काळी बाटली, चूर्णाचे पाकीट आणि कॅप्सूलची पांढरी डबी. डबीवर ना नाव, ना पत्ता. "महिन्यात पाच किलो कमी. सगळं हर्बल आहे, नुकसान काहीच नाही," असे त्या म्हणाल्या. तिन्हींचे मिळून अठराशे रुपये. अकरा जणींपैकी सहा जणींनी घेतले. त्यात मीही होते.

हसू नका बहिणींनो. वय पंचेचाळीस, वजन अठ्ठ्याहत्तर, ईदनंतर भाच्याचा निकाह. अशा वेळी माणूस कशावरही विश्वास ठेवतो. तेल पोटावर चोळायचे, चूर्ण रात्री गरम पाण्यातून, कॅप्सूल सकाळी. कॅप्सूलची मला भीती वाटली, ती कपाटात ठेवली. चूर्ण मात्र घेतले आणि आठवड्यात अडीच किलो कमी झाले! पोटात मुरडा यायचा, दुसऱ्या तासाला वर्ग सोडून धावावे लागायचे, पण काटा खाली गेला की सगळे माफ.

भाषा शिकवणारी बाई मी, पण पाकिटावरची बारीक अक्षरे वाचली नवव्या दिवशी. घटकांत पहिलेच नाव होते 'स्वर्णपत्री'. किती सुंदर शब्द! संस्कृतातली स्वर्णपत्री म्हणजे मराठीतली सोनामुखी, आणि सोनामुखी म्हणजे आपल्या उर्दूतली सना मक्की. अम्मी बद्धकोष्ठ झाले की चिमूटभर द्यायची, तीच. अठराशेच्या पिशवीत मी जुलाबाचे औषध विकत घेतले होते.

सोनामुखी काम करते मोठ्या आतड्यात. जेवणातली ताकद त्याआधीच लहान आतड्यातून रक्तात गेलेली असते. म्हणजे भात, तेल, साखर अंगाला लागून झाल्यावर ही येते आणि पाणी बाहेर काढते. काट्यावर कमी झाले ते पाणी. चरबी जागच्या जागी. बद्धकोष्ठासाठी चार-आठ दिवस घेणे वेगळे. रोज महिनोन्महिने घेतली तर पाण्याबरोबर पोटॅशियमही जाते, आणि ते फार कमी झाले की हृदयाचे ठोके बिघडतात. त्यात समोर रमजान. रोजात दिवसभर पाणी नाही आणि हे चूर्ण असलेले पाणीही काढणार.

कॅप्सूलची गोष्ट मात्र माझी नाही, ज्यांच्या घरी बैठक झाली त्या भाभींची आहे. त्यांना आधीपासून ब्लडप्रेशर. कॅप्सूल घेतल्यावर भूक खरोखरच गेली, तोंड कोरडे, झोप नाही. बाराव्या रात्री छातीत इतकी धडधड झाली की दिराने त्यांना मोटारसायकलवर बसवून पौडला डॉक्टरांकडे नेले. प्रेशर १८० च्या वर. डॉक्टरांनी डबी मागितली, उलटसुलट पाहिली आणि विचारले, "यात काय आहे?" सांगणार कोण? विकणाऱ्या बाईंनाही माहीत नव्हते.

त्या डबीत काय होते ते आम्हाला शेवटपर्यंत कळले नाही. पण अशा डब्यांत काय सापडते ते जगाला माहीत आहे. सिब्युट्रामिन नावाचे भूक मारणारे औषध होते. दहा हजारांच्या आसपास हृदयाच्या व मधुमेहाच्या रुग्णांवर त्याचा अभ्यास झाला. त्यात झटका आणि पक्षाघाताचे प्रमाण वाढलेले दिसले. २०१० मध्ये युरोप आणि अमेरिकेत ते बाजारातून गेले, २०११ मध्ये आपल्या सरकारनेही बंदी घातली. तरीही 'नैसर्गिक' म्हणून विकलेल्या वजनाच्या गोळ्यांत तेच लपवलेले सापडल्याचे इशारे अमेरिकेचे औषध खाते पुन्हा पुन्हा देत आले आहे. ज्या हर्बल गोळीने चार दिवसांत भूक मरते, तिचाच जास्त संशय घ्यावा.

तेलाबद्दल फार लिहीत नाही. चरबी कातडीच्या खाली असते आणि सुवास हवेत उडून जातो. अत्तर लावून कोणी बारीक झाल्याचे ऐकले आहे का? चोळण्याने मालीश होते, बरे वाटते, तेवढेच. मात्र लिंबाचे तेल लावून उन्हात गेलात तर कातडी भाजून काळी पडू शकते. दोन थेंब पाण्यातून पिण्याचा सल्ला तर ऐकूच नका. निलगिरी आणि कापराचे तेल लहान मुलाने चमचाभर गिळले तरी झटके येऊ शकतात, म्हणून या बाटल्या वरच्या फळीवर.

ताम्हिणी उतरून कोकणात गेले की कोकम मिळते. त्याच्याच जातीच्या गार्सिनिया कॅम्बोजियाच्या कॅप्सूल महाग विकतात. १९९८ मध्ये अमेरिकेत १३५ जणांवर बारा आठवडे चाचणी झाली. खोटी गोळी घेणाऱ्यांचे सरासरी चार किलो उतरले, खरी घेणाऱ्यांचे तीनच्या थोडे वर. कोकमाचे सार प्यावे, ते चवीसाठी.

कलौंजीचे विचाराल. लहान चाचण्यांत एक-दोन किलोचा फरक दिसला आहे, पण ती साखरही उतरवते. मधुमेहाची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगूनच घ्या. हदीसमध्ये कलौंजीची तारीफ आहे, तिचा आदर आहेच. पण तिथे 'महिन्यात पाच किलो' असे कुठेही नाही. दीनचे नाव बाटलीवर छापून माल खपवणाऱ्याला तोही प्रश्न विचारा.

आणखी एक गोष्ट मला अलीकडेच कळली. लठ्ठपणा बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने मनाई आहे. खाण्याच्या पाकिटावर चौदा आकडी परवाना क्रमांक लागतो, युनानी-आयुर्वेदिक औषधावर कारखान्याचा परवाना आणि बॅच क्रमांक. आमच्या डबीवर यातले काहीच नव्हते. गटाच्या पुढच्या बैठकीत मी ते पाकीट सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवले. दोघी रागावल्या. एकीने चूर्ण अजून चालू ठेवले आहे.

भाभींची गोळी बदलली, प्रेशर आता ताब्यात आहे. मला डॉक्टरांनी थायरॉइडची तपासणी करायला लावली आणि आंबेमोहराचा भात एकाच वेळी, तोही अर्धा, असे बजावले. तीन महिन्यांत दोन किलो. निकाहाला जुनाच कुर्ता घातला. दर्जीने दोन्ही बाजूंच्या शिवणी उसवून दिल्या, चाळीस रुपये घेतले.