आईच्या घराचं काय करायचं, हे आईला विचारलं का?

भातकापणी उरकली की आपल्या अकोले तालुक्यात दोन कामं ठरलेली. खळ्यावरची झोडणी आणि पुण्या-मुंबईहून आलेल्या पोरांची ओट्यावरची बैठक. विषय एकच : "आई आता एकटी कशी राहणार? घराचं काय करायचं?" जिच्या घराची चर्चा, ती आत चहा ठेवत असते. तिला कुणी विचारत नाही.

माझं मत सरळ आहे. आई कुठं राहील, दुखलं-खुपलं तर कोण बघेल, हे आधी ठरवा. जागेची वाटणी नंतर.

शहरातला फ्लॅट कुलूप लावून वर्षानुवर्षं ठेवता येतो. भंडारदरा-घाटघर पट्ट्यातल्या पावसात कौलारू घराला ते जमत नाही. उन्हाळ्यात कौलं चाळली नाहीत की पाणी भिंतीत मुरतं, माती फुगते, वासे कुजतात. चूल बंद, धूर बंद, मग लाकडाला कीड. "बघू पुढं" म्हणत राहिलात तर निर्णय पाऊसच घेतो.

शेतकऱ्याचं घर म्हणजे नुसत्या भिंती नाहीत. कणगी, गोठा, पडवी, उतरंडीतलं बियाणं हे सगळं त्यातच. आपल्याच कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांची बँक घरातूनच उभी केली. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. तुमच्या आईच्या गाडग्यात कोणता वाल, कोणता भात आहे, ते घर रिकामं करण्याआधी विचारून लिहून ठेवा.

आता कागद.

१) ग्रामपंचायतीचा नमुना ८ घरपट्टीसाठी असतो. त्यावर नाव लागलं म्हणजे मालकी सिद्ध झाली असं नाही. स्वामित्व योजनेत गावठाणाची ड्रोन मोजणी झाली असेल तर मालमत्ता पत्रक काढून नावं तपासा.

२) वडील मृत्युपत्र न करता गेले असतील तर हिंदू वारसा कायद्यानं आईसोबत मुली पण वारस. लग्न झालं म्हणून बहिणीचा हक्क जात नाही. मात्र हा कायदा अनुसूचित जमातींना थेट लागू होत नाही. आपल्याकडच्या महादेव कोळी, ठाकर कुटुंबांनी वकिलाला विचारूनच पुढं जावं.

३) राहतं घर मुला-मुलीला किंवा नातवाला बक्षीसपत्रानं देताना मुद्रांक शुल्क २०० रुपये, बाकी खर्च वेगळा. स्वस्त आहे म्हणून घाई नको. "आईला शेवटपर्यंत सांभाळीन आणि ती याच घरात राहील" ही अट त्यात लिहूनच घ्या. अट मोडली तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानं प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडं दस्त रद्द करायला जाता येतं. अट लिहिलेली नसेल तर म्हातारीला भांडणं अवघड जातं.

४) धरणाकडच्या गावांत रिसॉर्टवाले जागा विचारत फिरतात. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीला द्यायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. तोंडी व्यवहार, नोटरी, इसार यांच्या नादी लागू नका.

विकूच नका, असं माझं म्हणणं नाही. वस्ती लांब, आई आजारी, जवळ माणूस नाही, तर तिला घेऊन जाणंच बरोबर. पण आधी दोन महिने नेऊन बघा. चौथ्या मजल्यावर तिचा जीव रमतो का ते कळेल. नाही रमला तर गावातच सोय करा. पडवीला लागून संडास, धरायला दांडा, रात्रीचा उजेड, आणि भावकीतल्या एखाद्या बाईला महिन्याचे पैसे देऊन सोबत. चार भावंडांत हा खर्च जड नाही. तो कोण किती देणार, हे बहिणींना बोलावून कागदावर लिहा.

आणि राहायचं ठरलं, तर कौलांचं काम मृगाच्या आधी उरका.