वाडीची शाळा व आमचें कर्तव्य

सन २००१ च्या खानेसुमारींत सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या ८,६८,८२५ होती. सन २०११ सालीं ती ८,४९,६५१ भरली. दहा वर्षांत एकोणीस हजार माणसें कमी झालीं. तरणीं माणसें पोटामागें मुंबई, पुणें, गोवें येथें जातात आणि बिऱ्हाड बसलें कीं मुलांनाहि नेतात. ज्यांस नेतां येत नाहीं त्यांचीं मुलें गांवीं राहतात. ह्या मागें राहिलेल्या मुलांचें काय, हा आजचा आमचा प्रश्न आहे. कारण पट कमी झाला म्हणून वाडीची शाळाच उठवावी, असा विचार गेलीं कांहीं वर्षें सरकारदरबारीं घोळत आहे.

राज्यांत वीस किंवा त्याहून कमी मुलें असलेल्या सुमारें पंधरा हजार शाळा आहेत आणि त्यांत पावणेदोन लाखांहून अधिक मुलें शिकतात, असा आंकडा सन २०२३ मध्यें पुढें आला. त्याच सालच्या सप्टेंबरांत शिक्षणखात्यानें अशा शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ काढण्याचे प्रस्ताव मागविले. पुढें १५ मार्च २०२४ च्या शासननिर्णयानें शिक्षकांच्या संचमान्यतेचे निकष बदलले आणि लहान शाळांच्या शिक्षकांवर गदा आली. पालकांनीं व शिक्षकांच्या संघटनांनीं ह्या दोहोंसहि विरोध केला. हा विरोध आम्हांस योग्य वाटतो. परंतु नुसत्या विरोधानें शाळा जगत नाहीं, म्हणून चार शब्द सांगावयाचे आहेत.

सरकारपक्षाचें म्हणणें असें कीं, दहा मुलांच्या शाळेंत मुलास सोबती नाहीं, स्पर्धा नाहीं, खेळावयास गडी नाहीं. त्यापेक्षां मोठ्या शाळेंत चार वर्गांस चार शिक्षक मिळतील. हें म्हणणें सर्वस्वीं खोटें आहे असें आम्ही म्हणत नाहीं. पण ज्यांनीं तें केलें त्यांनीं मालवणचा किनारा पावसाळ्यांत पायीं तुडवावा. देवबागेसारखी जमिनीची चिंचोळी पट्टी, जिच्या एका अंगास दर्या आणि दुसऱ्या अंगास कर्ली नदी. तळाशील-तोंडवळीचा तसलाच किनारा. आंत गेलें कीं डोंगराच्या कुशींत एकेक वाडी, आणि दोन वाड्यांच्या मध्यें व्हाळ. नकाशावर ज्या दोन ठिकाणांत एक बोटाचें अंतर, तेथें आषाढांत व्हाळाला पाणी आलें आणि साकव बुडाला कीं सहा वर्षांच्या पोरास पलीकडे जातां येत नाहीं. सरकार गाडी देईल म्हणतात. गाडी डांबरी रस्त्यावर येईल; वाडींतून रस्त्यापर्यंत पोरास कोण पोहोंचवील? बाप मासेमारीस गेलेला, आई लावणीस किंवा मासळीच्या पाटीबरोबर बाजारास. शाळा लांब गेली कीं पहिल्यानें मुलगी घरीं राहते आणि धाकट्या भावंडास सांभाळूं लागते. आमच्या घरांतून हें आम्ही पिढ्यान्‌पिढ्या पाहिलें आहे.

बरें, ह्या लहान शाळेंत आतां उरलें आहे कोण? ज्यास पैका आहे त्याचें पोर गाडींत बसून इंग्रजी शाळेस केव्हांच गेलें. उरलीं तीं रापणकराचीं, कुळवाड्याचीं, सुताराचीं, कुंभाराचीं, मोलकरणीचीं, आणि आंब्याच्या बागा राखण्यास नेपाळांतून आलेल्या गड्यांचीं. म्हणजे शाळा उठली तर तिचा भार सर्वांत हलक्या खांद्यावर पडणार. ह्या परक्या गड्यांचीं मुलें आपलीं नव्हेत असें कोणी म्हणूं नये. जें पोर आपल्या वाडींत वाढतें तें आपल्या पटावर पाहिजे. त्यांत त्याचेंहि हित आहे आणि शाळेचेंहि.

कायदा ह्या बाबतींत आमच्या बाजूस आहे, हें फार थोड्यांस ठाऊक असतें. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा सन २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलांत आहे. पहिली ते पांचवीची शाळा एक किलोमीटरच्या आंत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आंत असावी, असें त्याखालचे नियम सांगतात. जेथें डोंगर, पूर, दरडी किंवा रस्त्यांचा अभाव असेल तेथें हें अंतर आणखी कमी धरावें, असें केंद्राच्या २०१० च्या नमुना नियमांत आहे. आमच्या वाड्यांस हें कलम लागू पडत नाहीं तर कोणास पडावें? कायद्याच्या परिशिष्टांत प्राथमिक शाळेंत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक सांगितले आहेत. पट दहा झाला म्हणून शिक्षक एक करा, असें तेथें लिहिलेलें नाहीं.

हा हक्क आम्हांस कोणी दान म्हणून दिलेला नाहीं. सन १८८२ सालीं महात्मा जोतीराव फुले यांनीं हंटर कमिशनपुढें निवेदन दिलें, त्यांत त्यांचा मुद्दा हाच होता कीं, सरकारचा वसूल शेतकऱ्याच्या घामांतून येतो आणि शिक्षणाचा पैका मात्र वरच्या वर्गांच्या विद्येवर उधळला जातो; म्हणून खेड्यांतील प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें. श्रीशाहू छत्रपतींनीं १९१७ सालीं करवीर राज्यांत तें सक्तीचें व मोफत करून दाखविलें. आपल्या भंडारी समाजांतील रावबहादूर सीताराम केशव बोले यांनीं १९२३ सालीं मुंबई कायदे कौन्सिलांत ठराव मंजूर करून घेऊन सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा व शाळा अस्पृश्य बंधूंस मोकळ्या करण्यास सरकारास लाविलें. शाळेचें दार उघडण्यास इतक्या खटपटी लागल्या. तें दार आंकड्यांचा हिशेब दाखवून लोटून घेतलें जात असतां आपण पाहात बसावें काय?

शाळेइतकीच महत्त्वाची गोष्ट अंगणवाडीची. आधीं पोटोबा, मग विठोबा, हें आमचे वाडवडील उगीच म्हणत नव्हते. उपाशी पोरास अक्षर दिसत नाहीं. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजीं सुरू झाली, आणि २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें सहा वर्षांखालील मुलांचा व गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांचा आहार हा हक्क झाला. पण हें काम करणाऱ्या सेविकेस सरकार पगार देत नाहीं, ‘मानधन’ देतें! लसीकरण तिनें आठवावें, वजनें तिनें करावीं, नोंदी तिनें भराव्या. पण ती नोकर नव्हे म्हणे. सेविका व मदतनीस उपदानास, म्हणजे ग्रॅच्युइटीस, पात्र आहेत असा निकाल सर्वोच्च न्यायालयानें एप्रिल २०२२ मध्यें दिला. तरीहि डिसेंबर २०२३ मध्यें महाराष्ट्रांतील सेविकांस संप करावा लागला व तो दीड महिन्यावर चालला. त्या वेळीं अंगणवाडी बंद म्हणून कुरकुर करणारे आमच्यांत पुष्कळ होते. तिच्या पाठीशीं उभे राहणारे थोडे. हें बरोबर नाहीं. आपल्या लेंकरास भरविणारीची बाजू आपण घेतली पाहिजे.

आतां काय करावें तें सांगतों.

पहिलें. शाळा व्यवस्थापन समितींत तीन चतुर्थांश सभासद पालक असावे व निम्म्या स्त्रिया असाव्या, असें कायदा म्हणतो. बहुतेक ठिकाणीं ही समिती कागदावर असते आणि सभेची सही घरीं येऊन होते. सही देण्यापूर्वीं सभा मागा. शाळेचा विकास आराखडा ह्याच समितीनें करावयाचा आहे. व्हाळ, साकव, पावसाळ्यांतील वाट हें सर्व त्यांत लिहून घ्या. शाळा उठविण्याची गोष्ट निघाली कीं तोच कागद कामास येतो.

दुसरें. ग्रामपंचायतीनें आपल्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा महिला व बालकल्याणाकडे खर्च करावयाचा असतो. तो कोठें गेला, हें ग्रामसभेंत उभें राहून विचारा. विचारणारी बाई असेल तर उत्तम.

तिसरें. ज्या मुलाचा बाप दर्यांत गेला किंवा आजारानें गेला, त्यास क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेखालीं साहाय्य मिळूं शकतें. २०२३ सालीं ही रक्कम दरमहा २२५० रुपये करण्यांत आली. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाकडे करावयाचा असतो. विधवा बाईस ओरोसला एकटीला हेलपाटे घालूं देऊं नका. वाडींतील लिहितां येणाऱ्या एका पोरानें तिच्याबरोबर जावें.

चौथें. मासेमारीची बंदी १ जूनला लागते आणि शाळाहि जूनमध्येंच भरते. मिळकत थांबते त्याच महिन्यांत वह्या, छत्री, दप्तर यांचा खर्च उभा राहतो, आणि मग सावकाराचें किंवा व्यापाऱ्याचें दार ठोठवावें लागतें. आमची सूचना अशी कीं, हंगाम चालूं असतां रापणीच्या वांट्यांत महिन्यांतून एकदां एक वांटा शाळेच्या नांवानें काढावा. शेतकऱ्यानें भात झोडल्यावर पायलीभर द्यावें. बागाईतदारानें आंब्याच्या दिवसांत एक पेटी. कर्मवीर भाऊराव पाटलांचीं वसतिगृहें घरोघरच्या मूठमूठ धान्यावर उभीं राहिलीं, हें विसरूं नका. हिशेब शाळेच्या भिंतीवर लावावा, म्हणजे कोणास बोलावयास जागा राहणार नाहीं.

पांचवें आमच्या मुंबईकर बंधूंस. गणपतीला तुम्ही येतां, देवळाच्या जीर्णोद्धारास हात सैल सोडतां. देवळावर आमचा राग नाहीं. पण ज्या शाळेंत तुम्ही पहिलें अक्षर गिरविलें तिचीं कौलें गळत असतां देवळाच्या कळसास पितळ चढवावें, हें देवास तरी रुचेल काय? तुमच्या मंडळाच्या वर्गणीचा एक हिस्सा शाळेकडे वळवा.

कोणी म्हणेल, सर्वच आपण केलें तर सरकार हात झटकून मोकळें होईल. ही भीति खरी आहे. म्हणून एक रेघ स्पष्ट आंखून ठेवावी: शिक्षकाचा पगार, इमारत, आहार हें सरकारचें देणें, त्यांतली एक पैहि आपण वर्गणींतून भरूं नये. आपली मूठ मुलाच्या वहीछत्रीसाठीं व आपलें तोंड सरकाराकडे मागणी करण्यासाठीं. गांव करी तें राव ना करी, हें खरें. पण रावानें करावयाचें तें रावाकडून करून घेणें, हेंहि गांवाचेंच काम आहे.

ज्या वाडींत दहा मुलें आहेत तेथें दहा घरांची आशा आहे. येत्या ग्रामसभेस त्या दहा घरांतून एकेक माणूस जरी शाळेसाठीं उभें राहिलें, तरी शाळा उठविणारास दोनदां विचार करावा लागेल. तें माणूस आपल्या घरांतलें असावें, एवढेंच आमचें वाचकांस सांगणें आहे.