जिप्सम टाकून पाप धुतलं जात नाही

मंडळी, आज जरा चिडून लिहितोय. विषय आहे क्षारपड जमीन.

सांगली-कोल्हापूरकडे मिरज, वाळवा, शिरोळ या तालुक्यांत फिरलात तर हिरव्यागार उसाच्या मधेच एखादं टक्कल पडलेलं रान दिसतं. वर पांढरा थर, मीठ भुरभुरल्यासारखा. लोक म्हणतात, "जमीन बिघडली हो." अहो, बिघडली कसली? आपणच बिघडवली!

घडतं ते असं. काळी भारी माती, निचरा मुळात कमी. त्यात उसाला पाटाने तुडुंब पाणी. जास्तीचं पाणी मुरतं, भूजल वर चढतं. ते मीटर-दीड मीटरवर आलं की वातीने तेल ओढावं तशी माती ते वर ओढते. ऊन पाणी उडवतं, क्षार मागे राहतात. बस्स, यात गूढ काही नाही.

नवीनही काही नाही. नीरा डावा कालवा 1885 च्या सुमारास सुरू झाला आणि पुढे ब्रिटिशांच्या काळातच त्याच्या लाभक्षेत्रातल्या जमिनी याच रोगाने आजारी पडल्या. आमच्या भाषेत सांगायचं तर शंभर वर्षं जुना बग. दर पिढी तो नव्याने 'शोधते'.

आणि उपाय काय? तर म्हणे जिप्सम टाका! जिप्सम हे चोपण जमिनीचं औषध, म्हणजे जिथे मातीच्या कणांना सोडियम चिकटलाय तिथलं. त्यातलं कॅल्शियम सोडियमला हुसकावतं. पण हुसकावलेला सोडियम जाणार कुठे? निचरा नसेल तर तिथेच बसणार. आणि जमीन चोपण नसून नुसती क्षारांची असेल, तर जिप्समची पोती वायाच गेली. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

सरकारने 2015 मध्ये मृदा आरोग्य कार्ड आणलं. 12 घटक तपासतात, त्यात क्षारांचा अंदाज देणारी विद्युत वाहकताही आहे. छान. पण पहिल्या फेऱ्यांत बागायतीत अडीच हेक्टरांना एक नमुना होता, म्हणजे एकरभरवाल्याच्या हातात शेजाऱ्याच्या मातीचा रिपोर्ट. शिवाय त्या 12 घटकांत भूजल किती खोलीवर आहे हे नाहीच. इथे रोग पाण्याचा आणि कार्ड सांगणार खताचे डोस!

खरा उपाय माहीत आहे. जमिनीखाली सच्छिद्र पाईप टाकून निचरा करायचा. शिरोळ तालुक्यात अशा पडीक जमिनी पुन्हा पिकल्यात. पण हे एकट्यादुकट्याचं काम नाही. पाणी शेजाऱ्याच्या बांधावरून नाल्यापर्यंत न्यावं लागतं, म्हणजे अख्खा शिवार एकत्र हवा. इथेच घोडं अडतं.

आणि पाईप टाकूनही पुन्हा पाटाने तसंच पाणी सोडणार असू, तर आपण फक्त क्षार नदीत ढकलतोय. खालच्या गावाने ते प्यायचे का?

"ऊस सोडा" असं शहरात बसून म्हणणं सोपं आहे, ते मी म्हणणार नाही. उसाला ठरलेला भाव आहे, बाकी पिकांना तशी खात्री कोण देतो? पण पाणी मोजून द्या, ठिबक करा, हे म्हणणारच. निचऱ्याचं अनुदान आणि पाण्याचा हिशोब एकाच कागदावर आला पाहिजे. एकाशिवाय दुसरं म्हणजे नुसता पॅच.

नाहीतर पोरांच्या नावावर सातबारा चढेल, एकर तेवढेच दिसतील, आणि रानात उगवेल फक्त मीठ.