मंत्रिपद मिळालं, कागद राहून गेला

मिलीजुली सरकार म्हणजे खिचडी. बालाघाटात कोणालाही विचारा, हेच ऐकायला मिळेल. आमच्या वर्गातही तेच. एका पार्टीला पूर्ण बहुमत द्या, मग कामं होतात, बाकी सगळी नुसती ओढाताण. मी राज्यशास्त्र शिकते आणि मला हे पटत नाही. कारण पुस्तकातलं नाही, आपल्याच जिल्ह्यातलं आहे.

डिसेंबर २०१८ आठवून बघा. मध्य प्रदेशात २३० जागा, बहुमताला ११६ लागतात, काँग्रेसला मिळाल्या ११४. बसपाचे दोन, सपाचा एक आणि चार अपक्ष यांच्या पाठिंब्यावर कमलनाथांचं सरकार उभं राहिलं. त्या चार अपक्षांपैकी एक आपल्या वारासिवनीचे प्रदीप जायसवाल. काँग्रेसनं तिकीट दिलं होतं संजय सिंह मसानींना. हे शिवराजसिंहांचे मेहुणे, ऐन निवडणुकीच्या तोंडावर काँग्रेसमध्ये आलेले. मग जायसवाल अपक्ष उभे राहिले, निवडून आले आणि सरकारमध्ये त्यांना खनिज खातं मिळालं.

हे खातं कोणत्या जिल्ह्याच्या माणसाला मिळालं, जरा विचार करा. मलाजखंडचं तांबं आपलं. भरवेली, उकवा, तिरोडीचं मँगनीज आपलं. वैनगंगेची रेती आपली. आणि सरकार टिकवायला एकेक आमदार मोजून राहिले होते, त्यात एक मत आपल्याकडचं. सत्तेत एवढा भाव बालाघाटला क्वचितच आला असेल.

त्या वेळी मागायचं काय होतं? तांब्याची आणि मँगनीजची रॉयल्टी दिल्लीत ठरते, त्यात भोपाळच्या मंत्र्याला फार काही करता येत नाही. पण २०१५ मध्ये खाण कायदा बदलला आणि खाणी असलेल्या प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान आलं. खाणवाल्यांनी त्यात पैसा भरायचा आणि तो खाणीमुळं ज्यांचं नुकसान झालं त्यांच्यासाठी वापरायचा. या प्रतिष्ठानात कोण बसणार, ते काम कसं करणार, याचे नियम राज्य सरकार करतं. म्हणजे दार आपल्याच मंत्र्याच्या हातात होतं. ग्रामसभेचे किती लोक त्या समितीत असतील, कोणत्या गावाला किती पैसा गेला याची यादी पंचायतीच्या भिंतीवर लागेल का, तीन वर्षांत कोणती कामं पूर्ण होतील, हे सगळं पाठिंबा देतानाच कागदावर घेता आलं असतं. पण पाठिंबा देणाऱ्या सगळ्यांनी मिळून सही केलेला जाहीर कार्यक्रम तेव्हा लोकांपुढं आलाच नाही. आपल्या वाट्याला आलं ते मंत्रिपद.

काहीच झालं नाही असं मी म्हणत नाही. २०१९ मध्ये रेतीचे नवे नियम आले. पंचायतींकडच्या खदानी काढून जिल्हावार गट पाडले आणि त्यांचा लिलाव सुरू झाला. सरकारचा महसूल वाढावा म्हणून हे केलं. मला विचाराल तर पंचायतीच्या हातून रेती गेली हे वाईटच झालं. पण माझा मुद्दा वेगळा आहे. एवढा मोठा बदल होणार आहे, हे वैनगंगेकाठच्या एका तरी मतदाराला पाठिंबा देताना सांगितलं होतं का?

मार्च २०२० मध्ये काँग्रेसच्या २२ आमदारांनी राजीनामे दिले आणि २० मार्चला कमलनाथ गेले. इथं एक गोष्ट लक्षात घ्या. १९८५ चा पक्षांतरबंदी कायदा पार्टी सोडणाऱ्याची आमदारकी घालवतो, पण आमदारानं स्वतःच राजीनामा दिला आणि पोटनिवडणुकीत दुसऱ्या चिन्हावर उभा राहिला तर कायदा त्याला थांबवू शकत नाही. नोव्हेंबर २०२० च्या पोटनिवडणुकांत हेच बघितलं आपण. आणि हे सरकार पाडलं कोणी? बसपानं नाही, सपानं नाही, अपक्षांनीही नाही. मोठ्या पार्टीच्या स्वतःच्याच आमदारांनी पाडलं. तरी नाव खराब झालं ते 'मिलीजुली'चं! जायसवालांनी पुढं नव्या सरकारलाही पाठिंबा दिला आणि खनिज निगमाचे अध्यक्ष झाले. अपक्ष आमदार एकटा असतो, तो असंच करणार. त्याच्यावर चिडण्यापेक्षा त्याला बांधून ठेवणारं आपण काय केलं होतं, ते विचारलं पाहिजे.

आपल्या राज्यात हे नवीनही नाही. जुलै १९६७ मध्ये काँग्रेसचे ३६ आमदार फुटले, द्वारकाप्रसाद मिश्रांचं सरकार पडलं आणि गोविंद नारायण सिंह संयुक्त विधायक दलाचे मुख्यमंत्री झाले. विजयाराजे सिंधियांपासून समाजवाद्यांपर्यंत सगळे एकत्र आले ते मिश्रा नकोत म्हणून. दोन वर्षंसुद्धा टिकलं नाही. कोणीतरी नको, एवढ्यावर सरकार बनतं, पण पुढं करायचं काय हे त्यातून निघत नाही.

आता दुसरी बाजू. महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा १९७७ चा, आधीच्या सरकारनं केलेला. पण तो लागू झाला २६ जानेवारी १९७९ ला, तेव्हा तिथं पुलोदचं सरकार होतं, म्हणजे आजच्या भाषेत पक्की खिचडी. ते सरकार फेब्रुवारी १९८० मध्ये गेलं, पण रोजगार हमी राहिली. दिल्लीत २००४ मध्ये यूपीएनं किमान समान कार्यक्रम छापून लोकांसमोर ठेवला, त्यात रोजगार हमी होती, माहितीचा अधिकार होता. पुढच्या वर्षी दोन्ही कायदे आले. डाव्यांनी २००८ मध्ये पाठिंबा काढून घेतला, तरी कायदे जागेवर राहिले. कारण ते कोणा एका मंत्र्याचे नव्हते, आधी लिहून दिलेले होते आणि नंतर कायद्यात उतरले होते.

नुसता शासन आदेश किती टिकतो, तेही बघून घ्या. कमलनाथांनी शपथ घेतली त्याच दिवशी, १७ डिसेंबर २०१८ ला, दोन लाखांपर्यंतच्या पीककर्जमाफीवर सही केली. टप्प्याटप्प्यानं माफी सुरू झाली, मध्येच सरकार गेलं आणि उरलेले शेतकरी तसेच राहिले.

धानाचं उदाहरण तर सीमेवरच्या प्रत्येक घराला कळतं. माझे मामा तुमसरकडे धान लावतात. तिकडे महाराष्ट्रात आघाडी सरकारनं २०२०-२१ ला क्विंटलमागे ७०० रुपये बोनस दिला, पुढच्या हंगामात दिला नाही. मग सरकार बदललं, तेही मिलीजुलीच, आणि हेक्टरी १५,००० देण्याचं ठरलं, नंतर २०,०००. पैसा मिळतो, पण नागपूरच्या अधिवेशनात घोषणा होईपर्यंत मामांना काही माहीत नसतं. लावणीच्या वेळी ज्याचा हिशेब धरता येत नाही, त्याला धोरण म्हणायचं की बक्षीस? इकडे मध्य प्रदेशात २०२३ मध्ये भाजपनं धानाला ३१०० रुपये क्विंटल असं संकल्पपत्रात लिहिलं, पूर्ण बहुमत मिळालं, आणि पुढं जाहीर काय झालं तर हेक्टरी ४००० रुपये. तेच ३१०० छत्तीसगडमध्ये मिळतात, तेही भाजपच्याच सरकारात. म्हणून म्हणते, बहुमत असलं की कामं होतात हा हिशेब जमत नाही.

आणि सीमेचं दुखणं तर कोणत्याच पार्टीच्या कार्यक्रमात नसतं. बावनथडीचं धरण दोन राज्यांनी मिळून बांधलं, कटंगीकडच्या शेतालाही पाणी आणि तुमसरकडच्याही. पाणी एकत्र वाटून घेतो, पण बोलायला जागा नाही. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्यानं झोनल कौन्सिल बनवली. राज्यांच्या सीमा, भाषिक अल्पसंख्याक असे विषय तिथं यायचे. मध्य प्रदेश आणि आता छत्तीसगड बसतात मध्य कौन्सिलमध्ये, महाराष्ट्र पश्चिम कौन्सिलमध्ये. बालाघाट आणि गोंदिया एका टेबलावर येतच नाहीत! त्याच कायद्यात दोन कौन्सिलांच्या संयुक्त बैठकीची सोय आहे. ती बैठक मागायला राज्य सरकार लागतं, आणि अडलेल्या सरकारकडून ती मागून घ्यायला एक आमदारसुद्धा पुरतो.

२०२८ मध्ये पुन्हा निवडणूक आहे. बहुमत येईल की नाही कोण सांगणार? पण लांजी, कटंगी, वारासिवनीत मतं मागायला जो कोणी येईल, पार्टीचा असो की अपक्ष, त्याच्यासमोर आपण एक कागद ठेवू शकतो. राज्यपालांकडे पाठिंब्याचं पत्र जाईल त्याच दिवशी पाठिंब्याच्या अटीही छापून द्याल का? प्रत्येक अटीपुढं खातं, बजेटमधली रक्कम आणि तारीख असेल का? दर अधिवेशनात त्याचा हिशेब सभागृहात विचाराल का? खनिज प्रतिष्ठानाची यादी, धानाचा भाव लावणीआधी, आणि गोंदिया-भंडाऱ्यासोबत संयुक्त बैठक, एवढ्या तीन अटी माझ्याकडून. तुमच्या तालुक्याच्या काय असतील त्या खाली लिहा, पण गावाचं आणि कामाचं नाव घालून लिहा, नुसतं 'विकास पाहिजे' नको.